थ्रेशरवर पहाटे पाचला, कॉलेजला दहालाही नाही

पत्र:

ताई, नमस्कार. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून १४ किलोमीटर. चार एकर वावर आहे. कापूस, तूर, आणि विहिरीवर एक एकर हरभरा. मोठी मुलगी नर्सिंगला आहे, तिचं बरं चाललं आहे. काळजी धाकट्याची आहे. तो १७ वर्षांचा, बारावी सायन्सला. दहावीला ६८ टक्के पडले तेव्हा सगळे म्हणाले, सायन्सलाच टाका. टाकलं. अकरावी कशीबशी निघाली. आता कॉलेजच्या सरांचा फोन आला की दिवाळीनंतर तो आलाच नाही. आम्ही समजत होतो रोज एसटीनं जातो. सहामाहीत फिजिक्सला ५० पैकी ४ आणि गणितात ६. रात्री एक-दीडपर्यंत मोबाईल, सकाळी दहाला उठणं. काही विचारलं की ‘पाहतो ना बाबा’ म्हणून बाहेर.

मागच्या महिन्यात माझा ताबा सुटला. पानठेल्यावर चार लोकांसमोर मी त्याच्यावर हात उचलला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, जे बोलायचं ते आईमार्फत. मी त्याला लहानपणापासून सांगत आलो की नाही शिकला तर माझ्यासारखा वावरात मरशील. काही फरक पडत नाही. आळशी म्हणावं तर सोयाबीनच्या हंगामात गावातल्या थ्रेशरवाल्यासोबत पहाटे पाचला उठून जायचा, रात्री धुळीनं माखून यायचा. तेव्हा याची झोप कुठं गेली होती? त्याचा मामा चाकणला कंपनीत आहे. तो म्हणतो, पाठवून द्या, कामाला लागेल. पाठवू का? की कर्ज काढून यवतमाळला क्लास लावू? परीक्षा फेब्रुवारीत आहे. काही सुचत नाही.

एक वडील, यवतमाळ जिल्हा

उत्तर:

भाऊ, नमस्कार. आधी तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. चाकणला आत्ता पाठवू नका. कर्ज काढून क्लासही लावू नका. जो पोरगा वर्गात बसायचं टाळतो आहे, त्याला आणखी महागड्या वर्गात बसवून काही निघत नाही. त्याची बारावी होईल. कदाचित या फेब्रुवारीत होणार नाही, आणि नाही झाली तरी आभाळ कोसळत नाही. ते कसं, हे पुढे सांगते.

तुमच्या पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे. थ्रेशरचं. अंगात आळस असता तर तो आळस थ्रेशरवरही दिसला असता. ते काम काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पहाटेच्या दवानं गंजी ओलसर असते, जाळी तुंबते, पट्टा सरकतो, दाण्यात काड्या जायला लागल्या की वावरवाला ओरडतो. सगळ्यांच्या डोळ्यांत कुटार. तरी तो रोज गेला, कारण तिथं काय करायचं ते त्याला कळतं, केलेलं काम पोत्यात दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी थ्रेशरवाला ‘अरे, आला का तू?’ म्हणून त्याची वाट पाहतो. कॉलेजात यातलं काय आहे? बाकावर बसायचं, फळ्यावरचं कळत नाही, सरांनी उभं केलं तर खाली मान घालायची, घरी येऊन ‘झाला का अभ्यास’ ऐकायचं.

(एक गोष्ट इथंच सांगून टाकते. थ्रेशरमध्ये काड घालायच्या तोंडाशी त्याला पुन्हा उभं राहू देऊ नका. १८ च्या आतल्या पोरानं ते काम करू नये. हात गेलेली माणसं आपल्या भागात गावोगाव आहेत.)

आता ६८ टक्क्यांचा पोरगा ४ मार्कांवर कसा आला? तुम्हाला वाटतं मोबाईलनं. मी तालुक्याच्या ठिकाणी अकरावी-बारावीच्या वर्गांना बरीच वर्षं शिकवलं आहे, त्यावरून सांगते: मोबाईल बहुतेक वेळा नंतर येतो. आधी वर्गातलं समजणं बंद होतं.

दहावीच्या प्रत्येक विषयात २० गुण शाळेच्या हातात असतात आणि लेखी ८० चं असतं. शाळा आपल्या पोरांना ते २० गुण हात राखून देत नाही. शिवाय टक्केवारी सहापैकी चांगल्या पाच विषयांवर निघते. त्यामुळे ६८ टक्के म्हणजे गणित पक्कं आहे असं होत नाही. कित्येकदा मराठी, हिंदी आणि सामाजिक शास्त्रांनी गणिताला कडेवर घेतलेलं असतं. त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेत टक्के सोडून गणित आणि विज्ञानाचे आकडे पाहा. मला वाटतं उत्तराचा अर्धा भाग तिथंच सापडेल.

उरलेला अर्धा असा. गावातल्या शाळेत पोरं दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकतात. अकरावी सायन्सला पहिल्याच दिवशी सगळं इंग्रजीतून सुरू होतं. पुस्तक इंग्रजी, जर्नल इंग्रजी, पेपर इंग्रजी. ज्या पोराला बल आणि गती छान कळली होती, त्याला तेच गणित आता आधी वाचताच येत नाही. हुशार पोरंसुद्धा पहिले सहा महिने चाचपडतात. ज्यांना कोणी हात देतं ती सावरतात, बाकीची मागच्या बाकावर जातात, मग वर्गाबाहेर, मग स्टँडवर. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर अशी पोरं मी कित्येकदा पाहिली आहेत. पाठीला दप्तर, खिशात एसटीचा पास. झेरॉक्सच्या दुकानापासून रसवंतीपर्यंत चकरा मारायच्या आणि पाच वाजताच्या गाडीनं घरी जायचं. घरच्यांना वाटतं पोरगं कॉलेजातून आलं. तुमचा मुलगा दिवाळीनंतर हेच करत असावा. सहामाहीचे मार्क हातात पडल्यावर त्याला तिथं तोंड दाखवायची लाज वाटली. खोटं बोलला, हे चूकच. पण मजा मारायला खोटं बोलणारा पोरगा आणि लाज लपवायला खोटं बोलणारा पोरगा, यांना एकच औषध चालत नाही.

हा एकट्या तुमच्या घरचा प्रश्न नाही, हेही ऐका. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. त्यात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं साधं गणित निम्म्याहून जास्त मुलांना आलं नाही, आणि साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा धडा सलग वाचता आला नाही. यातली बहुतेक शाळा-कॉलेजात नाव असलेली पोरं आहेत. शिक्षण हक्क कायदा आल्यावर बरीच वर्षं आठवीपर्यंत नापास करणं बंद होतं. त्या नियमामागचा हेतू चांगला होता, पण कच्चं राहिलेलं त्या त्या वर्षी भरून काढायचं काम कोणी केलं नाही. मग पोरगं वर सरकत जातं आणि पहिली ठेच नववीत नाहीतर अकरावीत लागते. तोवर बापाला वाटतं, कालपर्यंत तर बरा होता.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही लहानपणापासून त्याला ऐकवत आला. ‘नाही शिकला तर वावरात मरशील.’

भाऊ, हे वाक्य कुठून येतं ते मला कळतं. बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्लेली असते, भाव पडलेला असतो, बँकेचं कर्ज डोक्यावर असतं. तुम्हाला म्हणायचं असतं, माझे हाल तुझ्या वाट्याला नकोत. पण पोराच्या कानात जातं ते वेगळंच: बाप रोज जे करतो ती शिक्षा आहे आणि मी नापास झालो की ती मला मिळणार. त्यात भर म्हणून शेती करणाऱ्याला कोणी पोरगी देत नाही, हे त्यानं प्रत्येक लग्नाच्या मांडवात ऐकलं आहे. म्हणजे घरचा रस्ता बंद. मग तो शिक्षणाकडे पाहतो, तर तिकडे काय दिसतं? बीएस्सी होऊन गावात परत आलेला दादा. डीएड करून भरतीची वाट पाहत तिशी ओलांडलेला काका. दोघंही संध्याकाळी त्याच पानठेल्यावर. तुम्ही सांगता की शिकला तर सुटशील, आणि सुटलेला माणूस त्याला गावात दिसत नाही. सुटलेले पुण्याला आहेत, ते दिवाळीला दोन दिवस येतात.

अशा पोरानं सकाळी सहाला उठून कशासाठी धावायचं? त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी दहापर्यंत पांघरूण ओढून पडलो असतो. थ्रेशर ही एकच जागा त्याला अशी मिळाली जिथं काम शेतीचंच, पण शिक्षा वाटली नाही. यंत्र समजतं, हातात पैसा येतो, लोक नावानं हाक मारतात.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की हे वाक्य आजपासून बंद. त्या जागी खरा हिशेब ठेवा. कापसाच्या काट्याच्या पावत्या, बियाण्याची आणि खताची बिलं, वेचणीची मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्याच्यासमोर मांडा आणि म्हणा, तू बारावीला आहेस, जरा हे जुळवून दे. एकरी काय गेलं आणि काय आलं ते त्यालाच काढू द्या. आकडा वाईट निघाला तर निघू द्या. घरची परिस्थिती ओरडण्यातून कळली तर पोरगं घाबरतं. कागदावर दिसली तर विचार करायला लागतं. आणि तुमच्या मोठ्या मुलीच्या नर्सिंगचा खर्च याच चार एकरांतून निघाला ना? तेही त्याला कळू द्या. बापाचं काम म्हणजे नुसतं मरण नाही, त्यातून एक माणूस उभं राहतं आहे.

दुसरी गोष्ट पानठेल्याची. घरात मारलेलं पोरगं एकवेळ विसरतं. चार लोकांसमोर, तेही जिथं त्याचे दोस्त उभे असतात तिथं, १७ व्या वर्षी बापाचा हात पडला तर ते विसरत नाही. हे तुम्हाला बोलून मिटवावं लागेल, आणि आईमार्फत नाही. घरी समोर बसवून बोलायला जाल तर तो मान खाली घालून मोबाईल काढेल. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आहेत. रात्रीची लाइन असेल त्या आठवड्यात, शनिवारच्या रात्री त्याला म्हणा, चल सोबतीला. मोटार चालू झाली, पाणी दांडाला लागलं, दोघं धुऱ्यावर बसलात की बोला. अंधारात आणि शेजारी बसून बापलेकांना जे बोलता येतं ते ट्यूबलाइटखाली येत नाही. एवढंच म्हणा, ‘त्या दिवशी लोकांसमोर हात उचलला, ते माझं चुकलं. पुन्हा होणार नाही.’ आणि गप्प बसा. ‘पण तूही...’ हे दोन शब्द गिळून टाका, नाहीतर माफी गेली पाण्यात. त्या रात्री मार्कांचा विषय काढू नका. तो लगेच काही बोलणार नाही. ‘हं’ म्हणेल. तेवढं पुरे.

मार्कांचं नंतर, दोन-चार दिवसांनी. तेव्हाही ‘कॉलेजात का गेला नाहीस’ विचारू नका, त्याचं उत्तर पुन्हा खोटंच येईल. विचारा, ‘वर्गात बसल्यावर कोणत्या विषयापासून समजेनासं झालं?’ याला उत्तर येतं. कधी कधी पोरं इतकी नेमकी सांगतात की शिक्षकालाही वाटावं, हे मला आधी का नाही सांगितलं.

मोबाईलचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळे नको तेवढं बोलतात. हिसकावू नका, फोडू नका. या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकलेलं असतं, झोप उशिरा येते, आणि झोप मात्र आठ ते दहा तास लागते. त्यात हातात मोबाईल असला की एक वाजणारच. नियम करा की रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाईल ओसरीत एका जागी चार्जिंगला लागतील. सगळे म्हणजे तुमचाही. तुम्ही खाटेवर पडून व्हिडिओ पाहणार आणि त्याला सांगणार झोप, हे कुठल्याच घरात चाललेलं नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला शांतपणे तपासायला सांगते. तो मित्रांत जातो का? जेवतो का? क्रिकेट, कबड्डी, जे काही आवडायचं ते अजून करतो का? की सगळंच सुटलं आहे, चिडचिड वाढली आहे, ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी नसलो तर बरं’ असं काही बोलतो? या वयातली उदासी रडण्यातून कमी आणि चिडण्यातून जास्त दिसते, म्हणून आईबापाला ती उद्धटपणा वाटते. असं काही दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिसत असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं घेऊन जा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि तुम्ही स्वतःही बोलू शकता. मरणाची भाषा निघाली तर त्याला सरळ विचारा, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का. विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका आणि दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो कसाही असो, फवारणीची औषधं आजच कुलपात टाका आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. रिकाम्या होत आलेल्या बाटल्यासुद्धा. निकालाच्या दिवसांत कास्तकाराच्या प्रत्येक घरानं हे करावं असं माझं मत आहे.

आता फेब्रुवारीची परीक्षा. पहिलं काम, तुम्ही आणि तो मिळून कॉलेजात प्राचार्यांना भेटा. बोर्डाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि तो महिनाभर गैरहजर आहे. हे आधीच बोलून घ्यायला हवं, हॉलतिकिटाच्या दिवशी धावपळ नको. ज्या सरांनी स्वतःहून फोन केला ते सर मला तुमच्या कामाचे वाटतात. इतक्या पोरांत एकाच्या घरी फोन लावणारा शिक्षक रोज भेटत नाही. त्यांना विचारा, एवढ्या दिवसांत पास होण्यापुरतं काय काय करून घेता येईल? त्यांच्यासमोर पोराची उणीदुणी काढू नका.

दुसरं, प्रात्यक्षिकं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी यांत प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत आणि ७० लेखीचे. गणितात २० आणि ८०. जर्नल पूर्ण करून, हजर राहून, जे विचारतील ते धीरानं सांगून हे गुण मिळतात, आणि हाताच्या कामात तुमचा पोरगा कच्चा नाही हे थ्रेशरनं दाखवलंच आहे. लेखीसाठी पूर्ण पुस्तकाचा नाद सोडा. सरांकडून प्रत्येक विषयाचे चार-पाच सोपे, दरवर्षी विचारले जाणारे धडे काढून घ्या, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणा, आणि तेवढंच पक्कं करू द्या. प्रत्येक विषयात ३५ गाठायचे आहेत. बहिणीसारखे टक्के कोणी मागत नाही, हे तुमच्या तोंडून त्यानं ऐकलं पाहिजे. इंग्रजीकडे मात्र लक्ष द्या. सायन्सची पोरं फिजिक्सच्या भीतीनं इंग्रजी सोडून देतात आणि तिथंच अडकतात. सुटीत नर्सिंगवाली बहीण आली की तिच्याकडून बायोलॉजी आणि इंग्रजी करून घेता येईल, पण शिकवणी म्हणून तिला त्याच्या मानगुटीवर बसवू नका.

कोणी म्हणेल, अमुक सेंटरवर सगळं होतं, काळजी करू नका. अशा माणसापासून पोराला लांब ठेवा. कॉपीत पकडला गेला तर पुढच्या परीक्षांनाही बसता येत नाही. आणि नाही पकडला गेला, तर आपल्याला काही येत नाही ही त्याची खात्री पक्की होते. मला दुसरं जास्त वाईट वाटतं.

समजा एक-दोन विषय राहिले. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते आणि त्यात राहिलेलेच विषय द्यायचे असतात, निघालेले पुन्हा द्यावे लागत नाहीत. तेव्हा निकालाच्या दिवशी घरात सुतक पाळू नका, पुरवणीचा फॉर्म भरा. सायन्स झेपतच नाही असं दिसलं तर १७ नंबरचा फॉर्म भरून कला शाखेतून बाहेरून बारावी देता येते, तीही मराठीतून. त्याच्या तारखा बोर्ड दरवर्षी जाहीर करतं, कॉलेजात विचारत राहा. लोक म्हणतील, सायन्सचा पोरगा आर्टला आला. म्हणू द्या. पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी लागते, सायन्सच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. वनरक्षकाला बारावीत विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो, म्हणजे भूगोल घेऊन आर्ट केलेल्यालाही दार उघडं आहे. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यं तुमच्याच जिल्ह्यात आहेत, वनरक्षक काय करतो ते त्यानं ऐकलेलं असेल. भरती निघेलच, लागेलच असं मी म्हणत नाही. बारावीचा कागद नसला तर रांगेतच उभं राहता येत नाही, एवढंच त्याला समजावून सांगा.

आणि मला सर्वांत जास्त पटतो तो रस्ता आयटीआयचा. त्यासाठी त्याची दहावी आजच पुरेशी आहे. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक एका वर्षाचा, ट्रॅक्टर मेकॅनिकही एका वर्षाचा. प्रवेश ऑनलाइन असतात, दहावीच्या निकालानंतर सुरू होतात. पुढे एसटी, महावितरण यांच्याकडे शिकाऊ उमेदवार म्हणून वर्षभर काम मिळू शकतं, विद्यावेतनासह. आपल्याकडे मोटारी, ट्रॅक्टर, स्प्रिंकलर, थ्रेशर गावोगाव आहेत आणि दुरुस्त करणारा मिस्त्री पेरणीच्या दिवसांत शोधून सापडत नाही. यंत्राजवळ ज्याचा जीव रमतो त्या पोराला दहावीलाच कोणी हे विचारलं नाही, कारण टक्के ६८ होते. शेतीतच राहायचं मन असेल तर दहावीवर कृषी पदविकाही आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी जोडलेल्या विद्यालयांत. पण हे सगळं तुम्ही ठरवून त्याच्यापुढे ठेवू नका. नाताळच्या सुटीआधी एक दिवस दोघं जाऊन तालुक्याचं सरकारी आयटीआय नुसतं पाहून या. वर्कशॉपमध्ये त्याला अर्धा तास रेंगाळू द्या आणि तुम्ही बाहेर चहा घ्या. परत येताना काय वाटलं ते त्यानं सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर विचारू नका.

मग त्याला बारावीत पुन्हा का घुसवायचं, असं तुमच्या मनात येईल. घुसवायचं नाही, पण अर्धवटही सोडू द्यायचं नाही. फॉर्म भरलेला आहे, फी गेलेली आहे, परीक्षेला बसायला खर्च नाही. बसला तर चार विषय तरी सुटतील, आणि पुढे आयटीआय करताना बाकीचे काढता येतील. शिवाय स्टँडवर दिवस काढून आलेल्या पोरानं पुन्हा त्याच वर्गात जाऊन पेपर लिहिला, याचं त्याला स्वतःलाच काहीतरी वाटेल. निकाल काहीही लागो.

राहिला मामा. त्यांच्या मनात वाईट नाही. पण चाकणला १७ वर्षांच्या दहावी पास पोराला काय काम मिळणार? ठेकेदाराकडे हेल्पर, १२ तासांची पाळी, एका खोलीत सहा-सात जण, आणि ठेका संपला की घरी. १८ पूर्ण होऊन हातात आयटीआयचं प्रमाणपत्र असेल तर त्याच गेटमधून तो वेगळ्या पगारावर आत जाईल, मग मामाची खोली कामाला येईल. आत्ता रागाच्या भरात पाठवलात तर बापानं घरातून काढलं असाच त्याचा अर्थ तो लावेल. मामांना या आठवड्यातच फोन करा आणि सांगा की परीक्षा होईपर्यंत पोरगा कुठं जात नाही. फोन त्याच्यासमोर करा, म्हणजे त्यालाही कळेल. आणि त्याच्या आईला सांगा की आता बापलेकांचे निरोप इकडून तिकडे नेणं तिनं बंद करावं. सुरुवातीला घरात दोन दिवस कोणीच काही बोलणार नाही. चालेल.